मुरूम, चिकणमाती आणि पगारी फौज

प्रश्न असा होता: ‘दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन रस्ते, पूल, भिंती अजून टिकून आहेत आणि आपला रस्ता एका पावसाळ्यात धुऊन जातो. ब्रिटनसारख्या साम्राज्याच्या पार टोकाच्या प्रांतातही त्यांनी हे कसं जमवलं? त्यांच्या काँक्रीटचं गुपित काय होतं?’

मी अठ्ठावीस वर्षं रस्ते आणि पाणीपुरवठ्याची कामं केली, त्यातली पहिली अकरा सरकारी खात्यात. मुलगी न्यूकॅसलला राहायला गेल्यापासून बहुतेक दर उन्हाळ्यात हेड्रियनच्या भिंतीवर, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या रोमन सरहद्दीच्या भिंतीवर, चार-पाच दिवस चालून येतो. इतिहासकार नाही. पण मोजमाप, माती आणि मजूर यांच्याशी आयुष्य गेलंय, त्या बाजूने उत्तर देतो.

आधी काँक्रीट निकालात काढू, कारण व्हॉट्सॲपवर तेच फिरत असतं. रोमन काँक्रीटची जी कीर्ती आहे ती नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या राखेची. चुन्यात ही राख कालवली की मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं. ब्रिटनमध्ये ही राख नव्हती. तिथे गवंड्यांनी काय केलं? फुटक्या विटा आणि कौलं कुटून चुन्यात मिसळली. म्हणजे आपली सुरखी! आपल्याकडची जुनी दगडी धरणं ज्या चुना-सुरखीत बांधली, तिचंच भावंड. हमामखाने, पाण्याचे हौद, ओल येणाऱ्या भिंती इथे ती वापरलेली दिसते. बाकी ठिकाणी साधा चुना, आणि तोही हात राखून. हेड्रियनच्या भिंतीत कितीतरी ठिकाणी दोन्ही तोंडांना घडीव दगड आणि पोटात दगडगोटे व चिकणमाती एवढंच आहे. पश्चिमेकडचा टप्पा तर सुरुवातीला गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचूनच उभा केला होता. यात गुपित वगैरे काही नाही. आपल्या एखाद्या गढीचा बुरूज बांधणाऱ्यालाही हे येत होतं.

आता रस्ते. शाळेच्या पुस्तकात एक चित्र असतं: खाली मोठे दगड, वर खडी-चुन्याचा थर, त्यावर बारीक थर, सगळ्यात वर फरशा. चारही थरांना लॅटिन नावं. मीसुद्धा कॉलेजात ते चित्र काढून गुण मिळवलेत. ती नावं मुळात व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने घरातल्या जमिनी कशा कराव्यात हे सांगताना वापरली आहेत. सतराव्या शतकात एका फ्रेंच विद्वानाने ती रस्त्यांना चिकटवली आणि तेव्हापासून पुस्तकातून पुस्तकात उतरत आली. ब्रिटनमध्ये रोमन रस्ता खणून पाहिला की बहुधा वेगळंच निघतं. दोन्ही बाजूंना चर, चरातली माती मधे टाकून केलेला भराव, त्यावर जे आसपास मिळेल ते: कुठे मुरमासारखी रेताड खडी, कुठे गारगोट्या, कुठे फुटका चुनखडक. दक्षिणेला वील्ड भागात लोखंडाच्या भट्ट्या होत्या, तिथे भट्टीची मळी पसरली आहे, आणि ती गंजून इतकी एकजीव झाली की कुदळ लागत नाही. मधोमध फुगवटा, कडेला उतार. आमच्या खात्यातला कुठलाही जुना मिस्त्री हे पाहून म्हणेल, ‘साहेब, हे तर खडीकरण.’

आणि हे रस्ते खराब होत नसत असं समजू नका. भिंतीच्या थोडं दक्षिणेला व्हिंडोलांडा नावाचं ठाणं आहे. तिथल्या चिखलात १९७३पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडत आहेत, साधारण इ.स. १००च्या आगेमागची. त्यातलं ऑक्टेव्हियस नावाच्या माणसाचं पत्र माझं सगळ्यात आवडतं. बहुधा फौजेचा पुरवठेदार असावा. लिहितो, की सुमारे ५,००० मापं धान्याची कणसं घेतलीत, निदान ५०० दिनार पाठवा, नाहीतर ३०० दिनारांचा विसार बुडेल. पुढे म्हणतो, की कॅटरिकला पडलेली कातडी आणायला मी केव्हाच गेलो असतो, पण रस्ते वाईट आहेत, जनावरांचे हाल करायचे नव्हते. बिल थकलेलं आणि रस्ता उखडलेला! एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आमच्या विभागीय कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसवला असता तर कोणी ओळखलंही नसतं.

मग टिकले कसे? एक तर टिकले म्हणजे बहुतेक जागी गाडले गेले. आज ज्या मार्गाला फॉस वे किंवा वॉटलिंग स्ट्रीट म्हणतात, त्यावर तुम्ही गाडी चालवता ती आजच्या डांबरावर. रोमनांचं जे टिकलंय ते मुख्यतः आखणी आणि भराव. दुसरं, भार. रस्त्याची झीज भाराच्या पटीत वाढत नाही, साधारण चौथ्या घातात वाढते. ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान सोळापट. चौथ्या शतकातल्या रोमन कायद्याने सरकारी वाहतुकीच्या सगळ्यात जड बैलगाडीवर १,५०० रोमन पौंडांची मर्यादा घातली होती, म्हणजे अंदाजे ४९० किलो. आपल्याकडे ट्रकच्या एका ॲक्सलला साडेअकरा टनांपर्यंत कायद्यानेच मुभा आहे, वाळूच्या ओव्हरलोड गाड्यांचं तर बोलायलाच नको. आपला रस्ता आणि त्यांचा रस्ता यांची स्पर्धा लावणं म्हणजे पोत्याखालच्या हमालाची आणि पालखीतल्या माणसाची शर्यत लावणं. तिसरं, पाणी. बाजूचे चर मोकळे ठेवले तर कच्चा रस्ताही वर्षानुवर्षं चालतो. आमच्याकडे मैलकुली, म्हणजे ठरलेला टप्पा राखणारे मजूर, होते तोवर हे काम होत होतं. रोमनांकडे त्या जागी फौज होती. खरं उत्तर इथे सुरू होतं.

फौज हेच त्यांचं बांधकाम खातं होतं. सीझरने इ.स.पू. ५५मध्ये ऱ्हाइन नदीवर लाकडी पूल टाकला. लाकूड तोडायला घेतल्यापासून दहा दिवसांत पूल तयार. अठरा दिवस पलीकडे राहून, गावं जाळून परत आला आणि पूल मोडून टाकला. नावा असूनही पूल बांधला, कारण पलीकडच्यांना दाखवायचं होतं की ही नदी आम्हाला अडवत नाही. त्याच वर्षी तो दोन सैन्यदलं (लीजन) घेऊन ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला आणि तिथे मात्र फजिती झाली. पौर्णिमेच्या रात्री भरती चढली, त्यात वादळ, किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या लढाऊ नावांत पाणी भरलं आणि नांगरलेली गलबतं फुटली. पौर्णिमेला या समुद्राला मोठं उधाण येतं हे आमच्या लोकांना ठाऊक नव्हतं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेमच. आपल्या कोकणातल्या कुठल्याही तांडेलाने ही चूक केली नसती.

खरा ताबा बसला तो इ.स. ४३मध्ये, क्लॉडियस बादशहाच्या काळात. सेनापती ऑलस प्लॉटियस, चार सैन्यदलं आणि मदतीच्या पलटणी. समुद्रापलीकडे जायचं म्हटल्यावर आधी सैनिक अडून बसले होते. बादशहा स्वतः नंतर आला, सोळा दिवस राहिला, विजय पदरात घालून घेऊन परत गेला. मला यात रस वाटतो तो पुढच्या सहा वर्षांत. मेंडिप टेकड्यांत सापडलेल्या शिशाच्या एका लगडीवर इ.स. ४९ सालची मुद्रा आहे. म्हणजे इकडे देश पुरता जिंकलेलाही नाही आणि तिकडे खाणीतून सरकारी शिसं बाहेर पडतंय. त्याच शिशाच्या पत्र्यांनी पुढे बाथ गावातला मोठा हौद आतून मढवला. तिथला झरा रोज अकरा लाख लिटरहून जास्त पाणी देतो, ४६ अंश तापमानाचं. जादा पाणी रोमनांनी बांधलेल्या गटारातून आजही नदीला जातं. तिथे उभा राहिलो तेव्हा बायको मूर्ती बघत होती आणि मी गटाराचा उतार.

फौज म्हणजे नुसती मनगटं नव्हती, हे व्हिंडोलांडाच्या पट्ट्यांवरून कळतं. एका हजेरीपटात ३४३ माणसं कारखान्यात कामाला लावल्याची नोंद आहे. त्यात १२ चांभारकाम करणारे, १८ गवंडी हमामखान्याच्या बांधकामावर, बाकी कोणी शिशाकडे, कोणी भट्टीकडे, कोणी गिलाव्याकडे. दुसऱ्या एका पटात पलटणीची संख्या ७५२ आणि त्यातले ४५६ ठाण्याबाहेर. आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. मस्टर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा कागद ओळखीचा वाटेल.

सामानाचा आवाका पाहायचा तर स्कॉटलंडमधलं इंचटुथिल. इ.स. ८३च्या सुमारास सुभेदार अग्रिकोलाच्या मोहिमेत तिथे एका अख्ख्या सैन्यदलाचा तळ उभारायला घेतला. तीन-चार वर्षांत डॅन्यूब नदीच्या सरहद्दीकडे माणसं हवी म्हणून वरून हुकूम आला आणि काम अर्धवट टाकून निघावं लागलं. जाताना त्यांनी सुमारे १० टन लोखंडी खिळे खड्ड्यात पुरले, पावणेनऊ लाखांच्या आसपास नग. शत्रूच्या हाती लोखंड लागू नये म्हणून. १९६०मध्ये ते सापडले तेव्हा वरचे खिळे गंजून त्यांचं झाकण झालं होतं आणि आतले बरेच जसेच्या तसे. अणुकचरा पुरायच्या डब्यांचं लोखंड किती टिकेल याचा अंदाज बांधणाऱ्यांनीही या खिळ्यांचा अभ्यास केला. मला मात्र स्टोअरकीपर आठवतो. उभ्या भांडारातला माल निर्लेखित करताना, म्हणजे वहीतून कमी करताना, त्याचा जीव किती तुटला असेल!

हे सगळं कोणाच्या जिवावर, तेही सांगायला हवं, कारण अशा चर्चांत फक्त कमानींचं कौतुक होतं. पूर्व ब्रिटनमधल्या इसेनी जमातीचा राजा प्रासुतागस वारला. त्याने मृत्युपत्रात बादशहाला वाटा ठेवला होता, तरी अधिकाऱ्यांनी राज्य लुटलं, राणी बुडिकाला फटके मारले, मुलींवर अत्याचार केले. इ.स. ६०-६१मध्ये तिने कोल्चेस्टर, लंडन आणि व्हेरुलॅमियम ही तिन्ही शहरं जाळली. लंडनमध्ये आजही पायाचा खड्डा खोल गेला की भाजलेल्या लाल मातीचा थर लागतो, तो त्या आगीचा. बंड मोडल्यावर सूड घेणं चालूच होतं, तेव्हा नवा महसूल अधिकारी क्लासिकियानस याने वर कळवलं की सुभेदार बदला, नाहीतर हे थांबणार नाही. त्याच्या थडग्याचे दगड लंडनमध्येच सापडले. रोमन इतिहासकार टॅसिटस तर, त्याचा सासरा अग्रिकोला याच प्रांताचा सुभेदार असूनही, लिहून गेला की हमामखाने, सज्जे, मेजवान्या यांना भोळे लोक सभ्यता म्हणत होते, खरं तर तो त्यांच्या गुलामीचाच भाग होता. आपल्या घाटातून इंग्रजांनी रेल्वे नेली तेव्हाच्या चर्चा ज्यांनी वाचल्यात त्यांना हे नवं वाटणार नाही.

कौतुक करायचंच असेल तर मी लेव्हलिंगचं करीन. त्यासाठी ब्रिटन सोडून गॉलमध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराला जावं लागेल. पाँ द्यु गार हा तीन मजली कमानींचा पूल सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, उंची सुमारे ४९ मीटर. पण पूल हा त्या कामातला सोपा भाग. झरा शहरापासून सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर. मधे डोंगर, म्हणून कालवा फिरवत नेला, लांबी सुमारे ५० किलोमीटर. आणि झऱ्यापासून शहरातल्या हौदापर्यंत एकूण उतार जेमतेम १२-१३ मीटर. सरासरी किलोमीटरला २५ सेंटीमीटर. काही टप्प्यांत तर १०० मीटरला ७ मिलीमीटर!

हाताशी काय होतं? वीस फूट लांबीची बाकासारखी लाकडी चौकट, पायांना सोडलेले ओळंबे आणि वाऱ्याने ओळंबे हलत असतील तर वरच्या खाचेत ओतलेलं पाणी. म्हणजे मोठी पाणसळच. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी डंपी लेव्हल (दुर्बिणीचं पातळी मोजायचं यंत्र) हातात असूनही मी सहा किलोमीटरच्या गुरुत्व नळयोजनेत चाळीस सेंटीमीटर चुकलो होतो. शेवटापासून परत उलट लेव्हल घेऊन ताळा न जुळवल्याची ती शिक्षा. गावाने मला सहा महिने त्याची आठवण करून दिली. त्यामुळे १०० मीटरला ७ मिलीमीटर वाचलं की मी आजही टोपी काढतो. यात चलाखी नाही. तेच माप पुन्हा पुन्हा घ्यायचं, सरासरी काढायची आणि कंटाळायचं नाही, एवढंच. कालव्यात पुढे चुन्याचे थर साचत गेले, काही जागी जवळजवळ अर्धा मीटर. जर्मनीतल्या आयफेल डोंगरातून कोलोनला पाणी नेणाऱ्या ९५ किलोमीटरच्या कालव्यातला असाच थर मध्ययुगात लोकांनी कापून काढला आणि चर्चचे खांब घडवायला संगमरवर म्हणून वापरला.

रस्त्यांची सरळ आखणीही याच कंटाळा न करण्याची. एक्सेटरहून लिंकनला जाणारा फॉस वे सुमारे ३७० किलोमीटर लांब आहे आणि सरळ रेषेपासून कुठेच दहाएक किलोमीटरहून जास्त सरकत नाही. टेकडीवरून टेकडी दिसते, मधे माणसं उभी करून त्यांना डावी-उजवीकडे सरकवत रेषा जुळवायची. म्हणून दिशा बदलते ती बहुधा माथ्यावर. चढ जास्त असेल तिथे ते मुकाट्याने वळणं घेत. ‘रोमन रस्ता कधीच वळत नाही’ हे अर्धसत्य आहे.

आता भिंत. हेड्रियन इ.स. १२२मध्ये ब्रिटनला आला, सुभेदार प्लॅटोरियस नेपोस. टाइन नदीपासून सॉल्वेच्या खाडीपर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११८ किलोमीटर. प्रत्येक मैलावर एक छोटी गढी, दोन गढ्यांमध्ये दोन बुरूज, तीन सैन्यदलं कामाला. कागदावर नकाशा अगदी नेटका. जमिनीवर मात्र हे काम मधेच आराखडा बदललेल्या कुठल्याही सरकारी प्रकल्पासारखं दिसतं, आणि म्हणूनच मला ते इतकं जवळचं वाटतं. भिंतीची रुंदी दहा रोमन फूट ठरली होती. पाया त्या मापाचा घातला, बुरूजही त्या मापाने आधी उभे केले, त्यांना दोन्ही बाजूंनी रुंद भिंतीचे खांदे काढून ठेवले. मग कोणीतरी ठरवलं की आठ फूट किंवा त्याहून कमी पुरे. परिणामी रुंद पायावर अरुंद भिंत, आणि बुरुजाच्या खांद्याला ती येऊन टेकते तिथे सरळ पायरी. वेळ वाचवायला की दगड वाचवायला, यावर लोक वाद घालतात. मला विचाराल तर दोन्ही, आणि वरून साहेबांची घाई.

पलटणी आधी मागच्या रस्त्यावरच्या ठाण्यांत राहणार होत्या. काम बरंच पुढे गेल्यावर ठरलं की ठाणी भिंतीवरच हवीत. मग हाऊसस्टेड्सला नुकताच बांधलेला बुरूज पाडून त्या जागी ठाणं उभारलं. मागून भिंतीच्या दक्षिणेला सहा मीटर रुंद, तीन मीटर खोल खंदक आणि दोन्हीकडे मातीचे बांध. कॅरॉबरोला तो खंदकही पुन्हा बुजवून त्यावर ठाणं बांधलं. गढ्यांना उत्तरेकडे दरवाजा द्यायचा असं मानक होतं, म्हणून तो दिला. हाऊसस्टेड्सजवळच्या ३७ क्रमांकाच्या गढीचा दरवाजा कड्याच्या टोकावर उघडतो! टाइप प्लॅन, म्हणजे सगळीकडे एकच नमुना नकाशा, मंजूर झाला की जागेवर कोण बघतो?

हेड्रियन वारल्यावर चार वर्षांत त्याच्या वारसाने इ.स. १४२च्या सुमारास आणखी उत्तरेला, फोर्थ ते क्लाइड, साठेक किलोमीटरची नवी भिंत घातली, तीही गवताच्या ढेपांची. वीसेक वर्षांत ती सोडून सगळे परत हेड्रियनच्या भिंतीवर. ही दुसरी भिंत बांधून घेणारा सुभेदार लोलियस उर्बिकस आजच्या अल्जीरियातला. भिंतीवर सीरियाचे तिरंदाज होते. साउथ शील्ड्सच्या ठाण्यापाशी सीरियातल्या पाल्मायराच्या बाराटेसने आपल्या ब्रिटिश बायकोच्या थडग्यावर लॅटिनखाली आपल्या मायभाषेतली ओळ कोरून घेतली. आपल्याकडचा धागा म्हणाल तर तो मिरीचा. व्हिंडोलांडाच्या एका हिशेबात गांबाक्स नावाच्या माणसाच्या नावे दोन दिनारांची मिरी मांडली आहे. ती मलबारच्या बाजूने तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून या धुक्यात गेलेली.

पुढे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पगाराची नाणी येणं थांबलं, फौज पांगली. चर कोणी उपसेना, कौलांच्या भट्ट्या विझल्या. लोकांनी भिंतीचे दगड नेले, चर्चमध्ये लावले, गोठ्यांना लावले. १७५०च्या दशकात इंग्रज सरकारने न्यूकॅसल ते कार्लाइल लष्करी रस्ता काढला, तेव्हा मैलोन् मैल भिंत पाडून तिच्याच दगडांचं सोलिंग, म्हणजे रस्त्याचा तळथर, केलं. आज त्या बी ६३१८ रस्त्यावरून जाताना चाकांखाली हेड्रियनची भिंत असते.

कधी जाणं झालं तर हाऊसस्टेड्सची गर्दी उरकून लाइमस्टोन कॉर्नरला जा. नावात चुनखडक आहे, पण दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा सख्खा चुलतभाऊ. तिथे भिंतीच्या उत्तरेचा खंदक खणता खणता सोडून दिलाय. गंमत म्हणजे दक्षिणेचा खंदक त्याच दगडातून पूर्ण कापलाय. उत्तरेच्या चरात एक भलामोठा धोंडा पडून आहे आणि त्याच्या पाठीवर पाचरी ठोकायला पाडलेल्या भोकांची ओळ आहे. मी त्यात बोट घालून खोली पाहिली. ओळ सरळ आहे, अंतरही बरोबर धरलंय. पाचरी मात्र कोणी ठोकल्याच नाहीत.